आम्हाला निधी हवी आहे

नंदाखालमध्ये माडावर माणूस दिसला तर त्यात नवल काही नाही. पण हा माणूस माडावरून काही काढत नव्हता. वर काहीतरी लावत होता.

निधीने स्कूटर थांबवली. परतीच्या पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती आणि केळीच्या पानांवरून पाणी अजून टपटपत होतं. ती सातिवलीच्या कारखान्यातून घरी चालली होती. तिथे ती बाटल्यांची झाकणं तपासायची, दिवसाला चार हजार. सरळ झाकणं एका खोक्यात, वाकडी दुसऱ्यात. आठ तास झाकणं पाहिल्यावर माणसाला जगातली कुठलीही वस्तू बघायला आवडते, आणि कमरेला दोर बांधून माडाला मिठी मारलेला तरुण तर वस्तूही नव्हता.

"ओ ताई," वरून आवाज आला. "जरा फोन बघता का? 'बावखल' नावाचं वाय-फाय दिसतंय?"

"दिसतंय."

"मग जोडा ना. पासवर्ड नाही. फुकट आहे."

तिने जोडलं. फोनवर एक पान उघडलं. वर तळ्याचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'आम्हाला निधी हवी आहे. सर्वांनी मिळून मनावर घेतलं तर निधी नक्की मिळेल.'

निधीने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग झाकण धरतात तसा फोन उजेडात तिरका धरून तिसऱ्यांदा वाचलं.

"कोणाला हवी आहे?" तिने वर पाहून विचारलं.

"काय?"

"निधी. कोणाला हवी आहे?"

"आम्हाला. समितीला."

"समितीत किती जण?"

"पाच."

"पाच जणांना निधी हवी आहे."

"गरज तर पाचशे जणांना आहे हो," तो कळवळून म्हणाला. "पण लोक मनावरच घेत नाहीत. तीन आठवडे झाले जाहीर करून."

"आणि मिळाली की?"

"वर्षभराची चिंता मिटेल. पुढच्या वर्षी परत नवीन शोधायची."

निधीने हेल्मेट काढलं. असल्या संभाषणात डोकं मोकळं असावं असं तिला वाटलं.

"एकदम सगळी मिळायला पाहिजे असंही काही नाही," तो पुढे म्हणाला. "थोडी थोडी मिळाली तरी आम्ही भागवू."

"मी निधी," ती म्हणाली.

वारा आला. माड डुलला, माडाबरोबर तो डुलला, आणि त्याने लावलेला पांढरा डबाही डुलला. बराच वेळ वरून नुसतं डुलणंच चालू होतं.

"कोण...?"

"निधी. शत्रुघ्न म्हात्रेंची मुलगी. ही पलीकडची केळीची वाडी आमची. आणि 'हवी' नाही, 'हवा'. निधी हवा आहे. तो निधी."

"पण तुम्ही तर —"

"मी ती निधी. पैशांचा तो निधी."

यानंतर तो पंचवीस मिनिटं खाली उतरला नाही. निधीही गेली नाही. हाताची घडी घालून स्कूटरला टेकून उभी राहिली. शेवटी लाल मुंग्यांनी मध्यस्थी केली आणि तो उतरला. कपाळाला शेवाळ लागलं होतं आणि चष्म्यावर थेंब होते, त्यामुळे त्याला ती नीट दिसत नव्हती. त्याने चष्मा शर्टाला पुसून परत घातला, ती नीट दिसली, आणि त्याची अवस्था आणखी बिकट झाली.

"सॉरी," तो म्हणाला. "इंग्रजी मीडियम. घरी मराठीच बोलायचो, पण निधी हा शब्द आमच्या घरात कधी आलाच नाही. पैसे असायचे. कधी नसायचे. निधी कधीच नव्हता."

"म्हणून शिडी ती, गाडी ती, तर निधी ती."

"हो."

"मग हत्ती?"

"तो."

"हे बरं येतं."

"हत्तीचा विषय घरात निघायचा," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

ती हसली नाही. हसू आलं होतं, पण ओळखदेख नसताना लगेच हसायचं नाही अशी तिला शिस्त होती. "नाव काय तुमचं?"

"धनेश."

"धनेश म्हणजे तो मोठ्या चोचीचा पक्षी ना?"

"म्हणून तर झाडावर," तो म्हणाला, आणि मग मात्र तिची शिस्त मोडली.

*

धनेशच्या वडिलांचं गाव साताऱ्याकडचं, घर विरारला तिसऱ्या मजल्यावर, आणि धनेश स्वतः दीड वर्षापासून नंदाखालला क्लेमेंटीन मावशीच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होता. चांगली नोकरी सोडून आलेला. का सोडली, तर एका सुट्टीत तो अर्नाळ्याला आला होता आणि तिथे त्याने एक मुलगी पाहिली. (निधीच्या भुवया इथे जराशा वर गेल्या.) मुलगी नऊ वर्षांची होती. नेट मिळावं म्हणून वाळत घातलेल्या बोंबलांच्या मांडवावर चढून ती परीक्षेचा फॉर्म भरत होती. धनेशला ते दृश्य चैन पडू देईना. त्याने नोकरी सोडताना मिळालेल्या पैशांतून एका कंपनीकडून मोठी लाइन विकत घेतली आणि छपरांवर, टाक्यांवर, माडांवर डबे लावून ती तीन गावांत वाटली. फुकट. बिल नाही. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं द्यावं.

नाव ठेवलं 'बावखल'. वाड्यांमधल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांना वसईत बावखल म्हणतात. त्यातून पाणी घेणाऱ्याला कोणी कधी बिल पाठवलं नाही. "बाकीचं जग नेटला ढग म्हणतं," धनेश म्हणायचा. "आपल्याकडे तळं. तळं बरं. ढगाचा भरवसा नसतो."

हे सगळं निधीला पुढच्या रविवारी कळलं. पानावरचं सगळं मराठी तपासून द्यायला ती क्लेमेंटीन मावशीच्या ओटीवर गेली होती. 'हवी'चं 'हवा' त्याने त्याच संध्याकाळी करून टाकलं होतं. पण बाकीच्या पानावरही 'जोडणी तुटला तर कळवा' वगैरे होतंच, त्यामुळे एका रविवारचं काम तीन रविवार पुरलं. खरं तर दोन पुरले असते. तिसऱ्या रविवारी दोघांनी मिळून एका स्वल्पविरामावर पाऊण तास काढला.

"इथे हवा," तो म्हणाला.

"नको."

"जरा श्वास घ्यायला."

"तुला श्वास लागतोय का?"

"तू शेजारी बसलीस की लागतो," तो म्हणाला, आणि लगेच, "म्हणजे — ओटी लहान आहे..."

निधीने स्वल्पविराम देऊन टाकला.

तिने त्याला एकदा सांगितलं होतं, अगदी सहज, सुकेळीचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्याचा, तुकडा मोडता मोडता. "या पावसाळ्यापर्यंत तुझ्याच नेटवर, बाबांच्या फोनवरून, मी क्वालिटीचा कोर्स केला. पहाटे पाचला उठून, परसात बसून. कोण देतंय, कुठून येतंय, काही माहीत नव्हतं. पुढच्या महिन्यात माझी बढती आहे."

"कशावर?"

"झाकणांवरून बाटल्यांवर."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. सगळे हसले होते. हा हसला नाही. "मग हे नेट चाललं," तो म्हणाला. "माझं काम झालं." आणि त्याने असा चेहरा केला की निधीला उगाचच मनगटावरचं घड्याळ नीट करावंसं वाटलं. मनगटावर घड्याळ नव्हतं.

पण चाललेलं नेट थांबायला आलं होतं. लाइनचं वर्षाचं भाडं तीस नोव्हेंबरच्या आत भरायचं होतं, एक लाख ऐंशी हजार. पहिलं वर्ष धनेशच्या खिशातून गेलं, आणि आता खिशात फक्त पकड उरली होती. नऊ महिन्यांत लोकांकडून आले होते अकरा हजार रुपये आणि केळ्यांचे चौदा घड. कंपनी केळी घेत नव्हती. त्याने फोन करून विचारलं होतं.

"नाही जमलं तर?" निधीने विचारलं.

"तीस तारखेला लाइन कापतील. एक डिसेंबरला मला हैदराबादला हजर व्हायचंय. नोकरीचं पत्र आलंय."

निधीने सुकेळी खाली ठेवली. तिला अचानक ती फार गोड लागली.

*

आणि मग पैसे यायला लागले.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात सुरू झाले आणि थांबेनात. नंदाखाल, आगाशी, अर्नाळा, सगळीकडून. धनेश खूश व्हायला हवा होता. तो दोन दिवस झोपला नव्हता. निधी आली तेव्हा ओटीवर लॅपटॉपपुढे डोकं धरून बसला होता.

"काहीतरी बिघडलंय," तो म्हणाला. "प्रत्येकाच्या पैशांत एक रुपया जास्त येतोय. माणूस शंभर देतो, आमच्याकडे एकशे एक पोचतात. कोणी अडीचशे दिले तर दोनशे एक्कावन्न. सगळा प्रोग्राम तपासला. एक रुपया कुठून शिरतो तेच सापडत नाही."

निधीने यादी पाहिली. एक्कावन्न. एकशे एक. दोनशे एक्कावन्न. एकशे एक. पाचशे एक, आणि त्यापुढे नाव: जिजा म्हात्रे. ही तिची आत्या. शेरा: 'उभयतांस आशीर्वाद.'

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"धनेश," ती म्हणाली. "प्रोग्राम ठीक आहे."

"मग रुपया?"

"हा आहेर आहे."

"कोणाच्या लग्नाचा?"

तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि आत्याच्या शेऱ्यावर बोट ठेवलं. धनेश हुशार मुलगा होता, पण नेट कितीही वेगवान असलं तरी काही गोष्टी पोचायला वेळ लागतो. तिने त्या पोचताना पाहिल्या. आधी कपाळ, मग गाल, मग गळा.

"म्हणजे आपलं लग्न..." तो म्हणाला.

"चालू आहे."

"कुठपर्यंत आलंय?"

"आहेर सुरू झालाय. म्हणजे अक्षता पडून गेल्या."

घडलं होतं ते असं. तीन गावांत निधी नावाची मुलगी एकच. 'आम्हाला निधी हवी आहे' हे सगळ्यांनी तीन आठवडे फोनवर वाचलं. मुलगा शिकलेला, त्यात स्वतःला 'आम्ही' म्हणवणारा, म्हणजे घरंदाज असणार. मग एक दिवस त्याने 'हवी'चं 'हवा' केलं.

"सरळ आहे की," त्या संध्याकाळी जिजाआत्या निधीला म्हणाली. ती अंगणात भात पाखडत होती आणि तिचा हात थांबला नाही. "आधी निधी हवी होती, आता निधी हवा आहे. म्हंजे पोरगी मिळाली, आता लग्नाला पैसा पायजे. यात न कळन्यासारखं काय आहे?"

"आत्या, ते व्याकरण होतं."

"लग्नात व्याकरन कोन बघतो."

शत्रुघ्न म्हात्रे पंपाचं पाणी सोडून वाडीतून आले. ते मोजकं बोलायचे, आणि तेही केळींशी. "पोरगा चढतो बरा," ते म्हणाले. "माडाचं पन होऊन जाईल."

"बाबा, तुम्हीपण?"

"मी एकशे एक टाकले. तुझ्या आत्यानं जास्त टाकले," ते जरा अपराधी होऊन म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

*

"सांगावं लागेल," धनेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं निर्मळच्या तळ्याकाठी पायऱ्यांवर बसली होती. हवा स्वच्छ होती आणि पाण्यावर ऊन चकाकत होतं. दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर होतं. आदल्या रविवारपर्यंत तिथे फक्त एक स्वल्पविराम मावत होता.

"एक लाख ऐंशीच्या वर गेलेत," तो म्हणाला. "पण दिलेत कशासाठी? लग्नासाठी. लग्न नाहीये. मग ती फसवणूक झाली."

"सांगितलंस तर परत मागतील."

"हो."

"लाइन जाईल."

"हो."

"तू जाशील."



निधीने एक वाळलेलं पान उचललं आणि त्याची घडी घातली. मग घडीची घडी. "आणि..." ती म्हणाली, "समज, फसवणूक नसतीच तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे समज. उदाहरणार्थ."

धनेशने चष्मा काढला. पुसला. परत घातला. "उदाहरणार्थ मला विचारायचं असतं," तो हळू म्हणाला, "तर मी कधीच विचारलं असतं. त्या माडावरून उतरलो तेव्हाच. पण आता विचारलं, तर तुला आयुष्यभर वाटत राहील... की याने मला विचारलं ते मी हवी होते म्हणून, की लाइनचं भाडं भरायचं होतं म्हणून."

"मला नाही वाटणार."

"मला वाटेल ना, की तुला वाटतंय."

यावर भांडता येईना. हा माणूस एक रुपया जास्त आला तर दोन दिवस झोपत नाही, हे तिने पाहिलं होतं. खरं म्हणजे तेव्हाच तिचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिला त्याचा फार राग आला, आणि त्या रागाच्या आत कुठेतरी फार बरं वाटलं. पानाची सहावी घडी पडेना, म्हणून तिने ते पाण्यात सोडून दिलं.

"रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर सगळे भेटतील," ती म्हणाली. "मावशीच्या अंगणात बोलावू. मी येईन तुझ्याबरोबर. लिंग चुकलं तर खोकेन."

*

रविवारी क्लेमेंटीन मावशीच्या अंगणात दीडएकशे माणसं जमली. अर्ध्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. एक जण वाजंत्रीबद्दल विचारून गेला. शत्रुघ्न म्हात्रे इस्त्रीचा शर्ट घालून केळीच्या खांबासारखे ताठ उभे होते, आणि जिजाआत्या पहिल्या रांगेत, रुमालात काहीतरी बांधून.

धनेश पायरीवर उभा राहिला. निधी त्याच्या बाजूला, एक पायरी खाली.

"नमस्कार," तो म्हणाला. "माझ्या हातून एक चूक झाला."

निधी खोकली.

"झाली. चूक झाली. मी 'निधी हवी' लिहिलं. मला पैसे म्हणायचं होतं. मला ही निधी माहीतसुद्धा नव्हती. आमचं लग्न ठरलेलं नाही. तुम्ही आहेर दिलात, तो तुम्ही ज्या कारणाने दिलात ते कारण खरं नाही. प्रत्येकाचे पैसे मी आज परत करतो. तीस तारखेला नेट बंद होईल. तुम्ही दीड वर्ष मला इथे राहू दिलंत, छपरावर चढू दिलंत, जेवायला घातलंत... त्याबद्दल मी..." त्याला शब्द सापडेना. "थँक्यू म्हणतो," तो म्हणाला. एवढ्या मोठ्या गोष्टीला तो शब्द फारच आखूड पडला, हे त्याचं त्यालाच कळलं.

मग क्लेमेंटीन मावशी खुर्चीतून उठल्या. वय अडुसष्ट, गुडघे त्याहून मोठे, त्यामुळे उठायला वेळ लागला.

"आमच्या देवळात लग्न ठरलं की तीन रविवार नावं वाचतात," त्या म्हणाल्या. "कोणाची हरकत असेल तर पुढे या म्हणून. तुझं तीन आठवडे फोनवर होतं. कोणी हरकत घेतली नाही. म्हणून आम्ही धरून चाललो. ती आमची चूक. पण पैसे मी त्यासाठी नाही दिले, बाबा."

"मग?"

"माझा जोनाथन जहाजावर आहे. चार वर्षं मी त्याचा नुसता आवाज ऐकत होते, तोही तुटक तुटक. तू डबा लावलास तेव्हापासून दर रविवारी त्याचं तोंड बघते. परवा त्याने मला त्याचं टक्कल दाखवलं. आईला मुलाचं टक्कल बघायला मिळावं, याची किंमत काय रे? मी गेल्या महिन्यात उपकारस्तुतीची मिस्सा ठेवली होती. फादरनी विचारलं, हेतू काय लिहू? मी म्हटलं, लिहा, वाय-फाय."

"मग देणगी का नाही दिलीत, मावशी?" धनेशने विचारलं. "नऊ महिने मी देणगीच मागत होतो."

मावशींनी गोंधळून जिजाआत्याकडे पाहिलं. जिजाआत्या उठली.

"देनगी," ती म्हणाली. "देनगी देवळाला देतात, नायतर दारावर आला त्याला देतात. तू आमच्या घरात जेवतोस. घरातल्या पोराच्या हातावर देनगी ठेवायची? लोकं काय म्हनतील? आनि कार्याशिवाय पैसे द्यायचे तरी कसे? साखरपुडा नाय, बारसं नाय, वास्तू नाय. उठायचं आनि द्यायचे? आमाला लाज वाटत होती, म्हनून केळी देत होतो. मग कार्य निघालं. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं."

"पण कार्य नाहीये, आत्या."

"ते तुमचं तुमी बघा. आमचा आहेर देऊन झाला."

"मी परत —"

"आहेर परत घेतात का कुठं?" मागून अर्नाळ्याचे जितेंद्र तांडेल म्हणाले. त्यांची बोट होती आणि आवाजही बोटीवरचाच होता. "वाऱ्याचा अंदाज आता पोरगी फोनवर बघते नि मला सांगते. गेल्या श्रावनानंतर दोन वेळा बोट काढली नाय, दोन वेळा वाचलो. नि तू मला तीनशे एक परत देतोस. तुझ्या आईबापांनी तुला हेच शिकवलं काय?"

मग सगळेच बोलायला लागले. कोणाच्या सुनेने घरी बसून शिवणाच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. कोणाचा आजारी नवरा दर आठवड्याला डॉक्टरशी फोनवर बोलत होता. एका म्हाताऱ्याने सांगितलं की तो नेटवर काहीही करत नाही, पण नातवंडं आता सुट्टीत यायला नाही म्हणत नाहीत. वर्षभर मनात राहिलेले आभार होते ते. नुसते कसे द्यायचे कळत नव्हतं, एवढंच.

धनेश पायरीवर उभा होता आणि त्याच्या चष्म्यावर पुन्हा पाणी आलं होतं. पाऊस नव्हता. निधीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती समोर पाहत राहिली आणि पदराआडून, कोणाला दिसणार नाही असा, आपला रुमाल त्याच्या हातात दिला. दीडशे जणांनी तो पाहिला.

बावीस तारखेला वर्षाचं भाडं भरलं. हैदराबादला धनेशने कळवलं की येणं जमणार नाही, घरात कार्य आहे. कुठलं, ते त्यांनी विचारलं नाही.

*

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर नवीन डबा लावायचा होता. किल्ल्याच्या बेटावरच्या घरांनाही नेट पोचावं म्हणून. समोर ओहोटीचं पाणी, त्यापलीकडे किल्ला, आणि किनारभर बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. प्रेमाचं बोलायला याहून वाईट वासाची जागा पालघर जिल्ह्यात नसेल. निधी बाटल्यांच्या पहिल्या आठवड्याबद्दल सांगत होती.

"झाकणांपेक्षा बाटल्या बऱ्या?" त्याने विचारलं.

"उंची आहे त्यांना."

डबा खांबावर बसला. "आता सगळं नेट एकदा बंद करून चालू करायला लागेल," धनेश म्हणाला. "तिन्ही गावांचं. दोन मिनिटं." त्याने लॅपटॉपवर बटण दाबलं. तिन्ही गावांचं नेट गेलं. मग त्याने लॅपटॉप वाळूत ठेवला आणि सरळ उभा राहिला.

"निधी, आता नेटला तुझी काही गरज नाही."

"सुरुवात छान आहे."

"म्हणजे — वर्षभराचं भाडं भरलंय. आहेर कोणी परत घेत नाही. लग्न झालं काय, न झालं काय, नेट चालणार. म्हणजे आता मी काही विचारलं, तर ते नेटसाठी नसेल. त्याला... त्याला काहीच कारण नसेल. फक्त तूच."

वाऱ्याने तिचे केस तोंडावर आले. तिने ते बाजूला केले नाहीत. आत हसू होतं, ते जरा झाकलेलं बरं होतं.

"मग?" ती म्हणाली.

"मग मी..." तो म्हणाला. "तू..." त्याने चष्मा काढला, पुसायला शर्ट शोधला, शर्ट अंगातच होता. "आपण..."

"हो," निधी म्हणाली.

"मी अजून विचारलं नाही."

"तुझं पोचायला वेळ लागतो. मी उत्तर आधी पाठवून ठेवलं."

पोचत होतं. कपाळ, गाल, गळा. मग त्याने हात पुढे केला आणि तिने आपला हात त्यात ठेवला. त्याच्या बोटांना ग्रीस लागलं होतं, तिच्या बोटांना बोंबलांचा खारा वास. समोरची होडी बेटावर जाऊन उतारू सोडून परत यायला निघाली, तरी ती दोघं तिथेच, तशीच उभी होती. दोन मिनिटांची सतरा झाली. लॅपटॉप वाळूत निमूट वाट पाहत होता.

मग निधी म्हणाली, "धनेश... नेट."

तो वाळूत गुडघ्यांवर बसला आणि त्याने बटण दाबलं. तिन्ही गावं परत उजेडात आली आणि त्याच्या फोनवर एकदम एकोणचाळीस मेसेज येऊन आदळले. अडतीस जणांनी विचारलं होतं, नेट का गेलं?

एकोणचाळिसावा जिजाआत्याचा होता. 'नेटचं राहू दे. हो म्हनाली का?'